डाव्याला पाचपैकी तीन

"ओ मॅडम... बाजूला व्हा! बाजूला!"

असं तो ओरडला होता म्हणे. एकदा नाही, चांगला तीन-चारदा. मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. मला जे काही कळलं ते एकदमच कळलं. मी नागपुरात, सेमिनरी हिल्सच्या जपानी बागेत, चालायच्या वाटेवर तळहात टेकून बसले होते, माझा एक बूट निघून गवतात गेला होता आणि शेजारी एक उंच मुलगा गुडघा धरून कळवळत होता.

"लागलं का तुम्हाला?" कळवळतानाच त्यानं विचारलं. आणि मग डोळे बारीक करून, "एवढा ओरडून राहिलो मी... ऐकू नाही आलं?"

ऐकू नाही आलं? जगातला मला सगळ्यात नकोसा प्रश्न!

तुम्हाला सांगून टाकते, कारण तुम्ही काही माझ्यासाठी स्थळ घेऊन येणार नाही. माझा डावा कान बंद आहे. सात वर्षांची असताना गालगुंड झालं. ताप गेला, सूज गेली आणि जाताना त्या कानातलं ऐकणंही घेऊन गेली. बाहेरून काही दिसत नाही. दोन्ही कानांत सारखे डूल आहेत, दोन्ही सारखेच हलतात. उजवा ठणठणीत आहे आणि डाव्याचं कामही तोच ओढतो. तो मुलगा मागून, डावीकडून पळत आला होता. बिचाऱ्याचं ओरडणं माझ्या बंद दारावर आपटून परत गेलं.

पण हे त्याला थोडंच सांगणार?

"गाणं चालू होतं," मी म्हणाले आणि स्कार्फ सरकवून उजव्या कानातला इअरबड दाखवला. गाणं खरंच चालू होतं. फक्त एकाच कानात, आणि तेही बारीक आवाजात.

"कोणतं आहे?"

"जुनंच आहे... सकाळचं..."

"गाणं नाही हो. इअरबड कोणतं आहे?"

घाबरले की मी फार बोलते. कानावरून विषय निघाला आणि वस्तूवर गेला म्हणून इतका जीव भांड्यात पडला की मी सुटलेच. "हे घेऊ नका. चालताना ठीक आहे, पण जरा पळालं की निसटतं. घाम आला की अजून निसटतं. गाणं बरं वाटतं, पण वाऱ्यात फोनवर बोललं ना, तर समोरच्याला वाटतं आपण कढईत भजी टाकतोय."

तो गुडघा विसरून हसायला लागला. समोरच्या दातांत जराशी फट होती. मला ती फट आवडली आणि लगेच स्वतःचा राग आला. पडलेल्या अवस्थेत माणसानं कुणाच्या दातांकडे बघू नये.

त्यानं गवतातला बूट आणून दिला आणि नाव सांगितलं, विश्वनाथ.

"विश्वनाथ?" माझ्या तोंडून निघालंच.

"आजोबांचं आहे. ते गेले, नाव मला लागलं. आमची महालची पूर्ण वस्ती मला विशू म्हणते, तुम्ही पण म्हणू शकता." मग जरा थांबून, "तुम्ही करता काय? म्हणजे... पडण्याशिवाय?"

*

मी करते ते असं. गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानासाठी कॉम्प्युटरवर काठांची नक्षी काढते. आम्ही तांडापेठचे, विणकरांच्या घरातले. समोरच्या खोलीत जिथे आजोबांच्या मागाचा खड्डा होता तिथे आता फरशी आहे आणि फरशीवर फ्रीज आहे. माग गेला, नक्षी माझ्या बोटांत राहिली.

आणि तो करतो ते असं. धरमपेठेत एका चिंचोळ्या जिन्याच्या वर त्याची एक खोली आहे. तिथून तो 'कानोसा' नावाचं यूट्यूब चॅनल चालवतो. हेडफोन, इअरबड, स्पीकर, कानाशी संबंधित जे काही बाजारात येईल ते वापरून बघायचं आणि मराठीत खरंखोटं सांगायचं. चालायला आणि व्यायामाला कोणते इअरबड चांगले, यावर तो एक मोठी मालिका करत होता.

"मला तुमच्यासारखं कुणीतरी पाहिजे," तो दुसऱ्या दिवशी, त्याच वाटेवर, या वेळी समोरून येऊन म्हणाला. "कंपनीची भाषा न बोलणारं. कढईत भजी म्हणणारं. तुम्ही रोज चालता, मी रोज एक जोडी देईन. चालायचं, ऐकायचं आणि सांगायचं. डाव्याचे मार्क वेगळे, उजव्याचे वेगळे."

डाव्याचे मार्क वेगळे...

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. सांगायलाच हवं होतं. पण मागच्या वर्षी भंडाऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, मलाही आवडला होता. पोहे झाले, चहा झाला, साखरपुड्याच्या तारखेची गोष्ट निघाली, आणि आईनं सरळ मनानं कानाचं सांगितलं. मग त्यांच्याकडून आत्याबाईंचा फोन आला. पोरगी सोन्यासारखी आहे, पण उद्या लेकराले झालं तं? गालगुंडाचं लेकराला काय होणार होतं देव जाणे! आई त्या दिवशी कणीक मळता मळता रडली आणि मला म्हणाली, "आजपासून कोणाले काही सांगायचं नाही. अक्षता पडू दे, मंग सांगू."

म्हणून विश्वनाथला मी म्हणाले, "चालेल की. त्यात काय!"

*

त्यात काय होतं ते मला लवकरच कळलं.

साधे इअरबड असले की माझं जमायचं. ते लहान, गोल, बोंडासारखे. तो जरा पुढे गेला, की डावा काढायचा, पटकन उजव्या कानात घालायचा, ऐकायचं, परत जागेवर. लोकांना वाटे, कानाला खाजवतेय. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये मी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून ठेवलेला असतो, म्हणजे एका कानात सगळं गाणं येतं. पण चाचणीचा फोन 'कानोसा'चा होता, आणि त्यात डावं-उजवं वेगळं ठेवणं हेच तर काम. त्यातला चाचणीचा ट्रॅक विश्वनाथच्याच आवाजात होता. "उजवा... उजवा," मग "डावा... डावा," मग देवळाची घंटा, मग बर्डीच्या बाजारातले हॉर्न, मग शिट्टी. त्याचा तो "डावा" मी रोज चोरून ऐकायची.

दुसरी कसरत चालण्याची. तो माझ्या उजव्या कानाशी यायला हवा, म्हणजे मी त्याच्या डाव्या बाजूला हवी. तो कुठेही उभा असो, मी वळसा घालून डावीकडे! चिखल आला तर चिखलातून, पण डावीकडूनच. एकदा त्यानं उजवीकडची सावली माझ्यासाठी रिकामी ठेवली. मी उन्हातून चालले.

"तुला ऊन आवडते का?" त्यानं विचारलं. तोपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"नागपूरच्या पोरीला ऊन न आवडून कसं चालेल?"

"हाव, ते पण आहे," तो म्हणाला. पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. कळलं का याला? काही बोलला होता का आत्ता त्या बाजूनं?

असंच चाललं होतं सगळं. तो हसला की मला आनंद व्हायच्या आधी धसका बसायचा, की मागचं वाक्य आपण नीट ऐकलं ना? प्रेमात पडलेल्या मुलींना म्हणे भूक लागत नाही. मला लागायची, पण खाताना मी त्याची वाक्यं परत परत जुळवत बसायची.

त्यात सिंधूताई. सिंधूताई म्हणजे बागेतल्या सगळ्यांच्या ताई. नऊवारीखाली पांढरेशुभ्र बूट घालून चालणाऱ्या, आणि सगळ्यांच्या घरचं सगळं माहीत असणाऱ्या. एका सकाळी त्या आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"काहून वं मयुरी, तू नेहमी याच्या डाव्या बाजूनंच काहून चालतेस?"

"अशीच... सवय आहे, ताई."

"सवय! आमच्या वेळेस लग्न लागल्याशिवाय बाई डावीकडं येत नव्हती. वामांगी म्हणत तिले. तू तं आधीच जागा धरून बसली!" आणि विश्वनाथकडे वळून, "काय गा, तुले चालते ना?"

विश्वनाथ कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "चालते, ताई," तो पुटपुटला.

मी ते ऐकलं. उजव्या कानानं, अगदी स्पष्ट ऐकलं. आणि रात्रभर एकाच गोष्टीची भीती वाटत राहिली. हा ज्याला 'चालते' म्हणाला ते मी नव्हेच, ते माझ्या कानाचं नाटक होतं.

*

मग आले ते हुकवाले.

काळे, हलके, आणि प्रत्येकाला कानामागून वळणारा एक रबरी हुक. पळा, उड्या मारा, दोरीवर नाचा, कानातून पडायचं नाव नाही. विश्वनाथ खूश होता. "व्यायामासाठी हेच. आठवडाभर वापर. चष्म्याच्या काडीखाली रुततात का, स्कार्फ बांधल्यावर टोचतात का, घामानं कानामागे खाज सुटते का, सगळं सांग."

घरी आईनं माझ्या कानाभोवती ते वळण पाहिलं आणि म्हणाली, "हे तं कानातल्या जुन्या वेलासारखं दिसून राहिलं. मोत्याचे नाहीत का यात?"

मी आरशासमोर डावा काढला आणि उजव्या कानाला लावायला गेले. पण हुक मागे जाईना! तो डाव्या कानासाठीच वळवलेला. उजव्याला लावला की हुक पुढे येऊन भुवईत घुसे. उलटा केला तर गालावर उभा राही. सोडला की पडे. तो नुसता हातानं दाबून धरला तरच ऐकू येई, आणि भर बागेत, विश्वनाथच्या समोर, गालावर असं शिंग उगवून कसं चालणार?

बाकीचं सगळं मी मन लावून तपासलं. स्कार्फची गाठ हुकावर आली की टोचतं. पळताना हलत नाहीत. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, म्हणजे रस्त्यावर चालायला बरे. वेणी असली तर काढताना केस अडकतात. सगळं खरं होतं. फक्त डाव्याचा आवाज कसा आहे ते मला माहीत नव्हतं.

त्या सकाळी विश्वनाथ नेहमीसारखा नव्हता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, आणि उगाचच चार्जिंगची डबी उघड-मीट करत होता.

"मी काय म्हणतो... हुकवाल्यांसाठी ट्रॅक नवीन केला आहे. तू एकटी राउंड मार. मी बसतो इथंच."

"का? पायाला काय झालं?"

"काही नाही झालं. तू ऐक ना. मधे थांबवू नको. आणि..." तो बुटांकडे बघत होता, "डावं जरा लक्ष देऊन ऐक."

डावं लक्ष देऊन! याला संशय आला आहे. हा माझी परीक्षा घेतो आहे.

मी निघाले. उजव्या कानात त्याचा आवाज आला, "उजवा... उजवा." मग शांतता. नेहमीपेक्षा खूप लांब शांतता. डावीकडे काहीतरी वाजत असणार, घंटा नाहीतर शिट्टी. गुलमोहराच्या वळणावरून मी मागे बघितलं. तो बाकावर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत, आणि नजर माझ्यावरून हलत नव्हती. अशा नजरेसमोर मी डावा काढून गालाला लावणार कशी? मी उगाच मान डोलवली, जणू छान ऐकू येतंय. मग परत "उजवा... उजवा" आलं आणि माझा श्वास सुटला.

परत येईपर्यंत माझं उत्तर तयार होतं. दरवेळी डाव्याला चांगले मार्क दिले तर संशय येईल. जरा नावं ठेवली की खरं वाटतं.

तो उठून उभा राहिला. "ऐकलं? डावं?"

"ऐकलं ना," मी शक्य तितक्या सहज म्हणाले. "उजवा एकदम मस्त. डावा... ठीकच आहे. काही खास नाही. लांबण जास्त वाटते, मधे मधे कंटाळा येतो. पाचपैकी तीन."

दातांतली ती फट दिसेल असं हसायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"तीन," तो म्हणाला.

"हं. जास्त दिले का?"

"नाही, नाही... तू जे वाटलं ते खरं सांगितलं. बरं झालं." त्यानं गाडीची किल्ली शोधली, जी त्याच्या हातातच होती. "फोन आणि हे राहू दे तुझ्याजवळ. बाकीच्या चाचण्या कर. मी सोमवारी येऊन घेऊन जाईन."

*

सोमवारपर्यंत तो बागेत आला नाही.

मी मेसेज केला, 'बरं नाही का?' उत्तर आलं, 'बरा आहे.' मी लिहिलं, 'स्कार्फची चाचणी झाली.' उत्तर आलं, 'धन्यवाद.' धन्यवाद! इतके दिवस 'हाव' आणि 'अबे वा' लिहिणारा मुलगा धन्यवाद लिहायला लागला की समजावं, काहीतरी मेलं आहे. रविवारी त्याचा मोठा मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून हिमानी नावाची कुणी चाचण्या करणार होती, आणि मी केलेल्या मदतीबद्दल 'कानोसा' आभारी होतं.

मला कळायचं ते कळलं. त्याला समजलं होतं. डाव्यात त्यानं मुद्दाम काहीच ठेवलं नसणार, नुसती शांतता, आणि मी त्या शांततेला पाचपैकी तीन दिले होते! भंडाऱ्याच्या लोकांनी निदान फोन तरी केला होता.

"काय झालं वं?" आईनं विचारलं. मी भाजी चिवडत होते.

"काही नाही."

"त्याले सांगितलं तं नाही ना?"

"नाही सांगितलं गं आई!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "नाही सांगितलं म्हणूनच झालं सगळं."

आई ताट घेऊन उभी राहिली. मला तिचाही राग आला नाही, माझाच आला.

*

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. फेब्रुवारीत आमच्याकडे येतं तसं, गारांची धमकी देणारं. मी फोन आणि ते हुकवाले घेऊन बागेत गेले. तो यायला वेळ होता. कानात नुसतेच अडकवून मी बाकावर बसले.

"दाखव वं, ते काय शिंग लावलं कानाले," सिंधूताई शेजारी येऊन बसल्या. "माझा नातू म्हणते घेऊन देतो. मले जमते का पाहू दे."

मी त्यांना दोन्ही लावून दिले, हुक नीट कानामागे वळवले आणि ट्रॅक सुरू केला. निदान कुणाच्या तरी उपयोगी पडो.

त्या आधी हसल्या. "विशूच बोलून राहिला! उजवा म्हणते." मग मान तिरकी केली. मग हसू थांबलं. डोळे मोठे झाले. त्यांनी डावा कान हातानं दाबला आणि माझ्या मांडीवर एक चापट मारली.

"अवं बाई! अवं मयुरी! हा काय म्हणून राहिला वं?"

"काय म्हणतोय?"

"डाव्या कानात वं! तुले ऐकू नाही आलं?"

पुन्हा तोच प्रश्न. माझ्या जिभेवर नेहमीचं खोटं तयारच होतं. गाणं चालू होतं, वारा होता, हॉर्न वाजला... पण या वेळी ते पुढे आलंच नाही. मी थकले होते हो.

"नाही आलं, ताई," मी म्हणाले. "तो कान बंद आहे माझा. लहानपणापासून."

सिंधूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हळहळतील, आता गळ्यात पडतील.

"मंग दुसऱ्या कानाले लाव नं," त्या म्हणाल्या आणि डावा काढून माझ्या हातात दिला.

मी तो उजव्या कानावर उलटा दाबून धरला. हुक भुवईत घुसला. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. मी ट्रॅक पहिल्यापासून लावला. थोडी शांतता. मग,

"डावा... डावा." घसा खाकरल्याचा आवाज. "मयुरी, हे मी फक्त डावीकडे ठेवलं आहे. ती बाजू तुझी आहे म्हणून. पहिल्या दिवसापासून तू माझ्या डावीकडून चालून राहिली. मी उजवीकडे सावली ठेवून पाहिली, तरी तू फिरून डावीकडेच आली. डावीकडे कोण असते ते सिंधूताईंनी सांगायच्या आधीपासून मला माहीत होतं, मी कोणाला बोललो नाही एवढंच... मला तू फार आवडतेस. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून मशीनमधून सांगून राहिलो. हो असेल, तर राउंड संपल्यावर काहीही बोल. काहीही. नाही असेल... तर नुसते मार्क दे. मी समजून घेईन. मग आपण कामाचंच बोलू."

मग शांतता. पुढचं "उजवा... उजवा" दुसऱ्या बाजूला होतं, ते मी आधीच ऐकलं होतं.

लांबण जास्त वाटते. कंटाळा येतो. पाचपैकी तीन! अरे देवा... देवा, मी काय करून बसले होते!

"रडतेस काय?" सिंधूताई म्हणाल्या. "तो पाहा, फाटकापाशी गाडी लावून राहिला."

*

फाटकाजवळच्या रसाच्या ठेल्यापाशी तो उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्यांत झोप नाही. मला बघून त्यानं हात पुढे केला, डबी घ्यायला.

माझं काळीज इतकं धडधडत होतं की तेच उजव्या कानात ऐकू येत होतं. पळून जावंसं वाटलं. त्याला इतकंच सांगितलं असतं, की ऐकलं आणि हो आहे, तर चाललंही असतं. वामांगी म्हणून राहिले असते, आणि अक्षता पडेपर्यंत रोज चिखलातून वळसे घातले असते. आईचं म्हणणं तेच होतं.

पण तो ज्या डाव्या बाजूच्या प्रेमात पडला होता ती खोटी होती. ते मला सहन होईना.

मी चालत गेले आणि पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझा बंद कान त्याच्याकडे. समोर बघत म्हणाले, "बोल."

तो गोंधळला असावा. मग हळू आवाजात काहीतरी बोलला. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या डाव्या डुलापाशी कळली, पण शब्द नाही. पावसाचे दोन-चार थेंब ठेल्याच्या पत्र्यावर वाजले ते मात्र ऐकू आले.

"मला यातलं काही ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "या बाजूनं येतच नाही. सात वर्षांची होते तेव्हापासून. तू पहिल्या दिवशी ओरडलास तेही आलं नव्हतं, आणि तू ट्रॅकमध्ये बोललास तेही नाही. ते आज ऐकलं... आत्ता, उलटा धरून. मी डावीकडून चालायची ती तू माझ्या चांगल्या कानाशी यावास म्हणून. वामांगी वगैरे काही नाही रे. तीन मार्क मी असेच दिले. न ऐकता. तुला संशय येऊ नये म्हणून."

सगळं बोलून झालं. आता त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मला फक्त पत्र्यावर वाढत चाललेला पाऊस ऐकू येत होता. आता जाईल. आता गाडीची किक ऐकू येईल.

"आणि आधीचे?" त्याचा आवाज मोठा, घोगरा. मी वळून त्याच्या ओठांकडे पाहिलं. "आधीच्या सगळ्या जोड्यांचे मार्क?"

"ते खरे आहेत. डावा काढून उजव्या कानात घालून ऐकायची. याचंच जमलं नाही. हुक आडवा येतो."

"हुक आडवा येतो," तो हळूच म्हणाला. मग कपाळावर हात मारून घेतला. "अरे... हे तर रिव्ह्यूमध्ये यायलाच पाहिजे. एका कानानं ऐकणाऱ्याला याची बाजू बदलता येत नाही! हे मला सुचलंच नसतं. मी येडा, त्याच कानात जाऊन..." आणि तो हसायला लागला, पण डोळे पुसत. "चार दिवस झोपलो नाही मी, मयुरी. तुझ्या तोंडून कंटाळा येतो ऐकून."

"हसू नको ना," मी म्हणाले. माझाच आवाज फुटला. "मला खूप भीती वाटून राहिली आहे. भंडाऱ्याचे लोक यावरूनच गेले."

तो हसायचा थांबला. माझ्यासमोरून वळसा घालून, ठेल्यावरून गळणाऱ्या पाण्याखालून, भिजत, तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. अगदी जवळ. शर्टाचा एक खांदा ओला झाला होता.

"इथून येते ना नीट?"

"येते."

"मग मघाशी त्या बाजूनं जे विचारलं ते परत विचारतो. तीनच काहून दिले?"

मी रडता रडता हसले. लांब बाकावर सिंधूताई पदर डोक्यावर घेऊन, पावसाची पर्वा न करता आमच्याकडेच बघत बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या कानात तो दुसरा हुक अजून तसाच होता.

"ते परत घेते," मी म्हणाले.

"मग आता किती?" त्यानं विचारलं. विचारताना त्याचा आवाज थोडा कापला, आणि मी तो कापलेला आवाज पूर्ण ऐकला.

"आता मार्क नाही देत," मी म्हणाले.